किशोरवयातली मैत्री, ग्रुप आणि एकटेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान साधारण तेरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तिथून सुरुवात करा. मात्र तुमच्या ओळखीतलं कोणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी शपथेबद्दलचा प्रश्न वाचा.

या वयात मित्रांना एवढं महत्त्व का येतं?

लहानपणी मित्र म्हणजे ज्याच्याबरोबर खेळतो तो. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास हा अर्थ बदलतो. ज्याला सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही, जो आपल्या माघारी आपली बाजू घेतो, तो मित्र. पेपर अवघड गेला, घरात वाजलं, कोणीतरी आवडायला लागलं, तर ते पहिल्यांदा कोणाला सांगायचं? या वयात हे उत्तर आई-बाबांकडून मित्राकडे सरकतं. घरच्यांवरची माया आटली म्हणून हे होत नाही. घरातलं नातं आयतं मिळतं आणि रुसलं-फुगलं तरी सहसा टिकतं. मैत्री मिळवावी लागते, सांभाळावी लागते आणि ती तुटू शकते. पुढे बरोबरीच्या माणसांबरोबर काम करायचं, राहायचं, संसार करायचा, त्याची तालीम इथेच होते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. त्यापुढच्या १८ ते २५ या टप्प्याकडे मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली वेगळं लक्ष वेधलं: शिक्षण, काम, राहायची जागा, जोडीदार, सगळंच अजून ठरायचं असतं. मैत्रीच्या दृष्टीने या दोन टप्प्यांत एक मोठा फरक आहे. शाळेत माणसं वर्गामुळे आपोआप समोर येतात, नंतर ती शोधावी लागतात.

जिवलग मित्र, कंपू आणि मोठा ग्रुप यांत फरक काय?

डेक्स्टर डन्फी यांनी सिडनीतल्या मुलामुलींचं निरीक्षण करून १९६३ साली जे मांडलं ते अजूनही उपयोगी पडतं. रोज एकमेकांबरोबर असणारा कंपू साधारण तीन ते नऊ जणांचा असतो, आणि असे काही कंपू मिळून मोठा ग्रुप बनतो. सुरुवातीला मुलांचे कंपू वेगळे, मुलींचे वेगळे. मग ते एकमेकांच्या आसपास घुटमळू लागतात, हळूहळू मिसळतात, आणि शेवटी जोड्या जमल्या की मोठा ग्रुप सैल होतो. सतरा-अठराव्या वर्षी «आमचा ग्रुप फुटला» असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा हीच शेवटची पायरी आलेली असते आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

किती मित्र असायला हवेत? मला एकच मैत्रीण आहे.

एक पुरते, खरी असली तर.

अमेरिकेत १६९ मुलामुलींचा १५ ते २५ या वयात माग ठेवून केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यांची एखाद्याशी घट्ट मैत्री होती, त्यांना पंचविशीत लोकांत वावरण्याची भीती कमी होती आणि स्वतःबद्दल बरं वाटत होतं. जे शाळेत सगळ्यांना हवेहवेसे होते, त्यांच्यात मात्र ही भीती पुढे वाढलेली दिसली. लोकप्रियता आणि जवळीक ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकात गुंतलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी वेळ उरत नाही.

आकडाच हवा असेल तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांची मांडणी पाहा. माणसाच्या आतल्या वर्तुळात साधारण पाच जण, त्याबाहेर पंधरा, मग पन्नास आणि ओळखीचे धरून दीडशे. त्या पाचांत घरची माणसंही आली. म्हणजे «माझे फक्त दोनच मित्र आहेत» ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. काळजी करायची ती शून्यावर, आणि तीही ते शून्य तुम्हाला टोचत असेल तर.

नव्या शाळेत किंवा कॉलेजात आलोय, कोणी ओळखीचं नाही. सुरुवात कुठून करू?

आधी वेळेचा हिशेब समजून घ्या, म्हणजे उगाच निराश होणार नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या जागी आलेल्या लोकांचा अभ्यास केला. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, नीट मैत्री व्हायला ९०, आणि जवळच्या मैत्रीला २०० पेक्षा जास्त. त्यात एक मेख आहे: नुसतं एका वर्गात किंवा एका कामावर शेजारी बसल्याचे तास फारसे जमेला धरता येत नाहीत. गप्पा, खेळ, निवांत सोबत यांचे तास मोजायचे. आठवड्याला दोन तास मिळत असतील तर पन्नास तासांना जवळजवळ सहा महिने लागतील. दुसऱ्या आठवड्यात «माझं इथे कोणाशी जमतच नाही» असं म्हणणं फार घाईचं आहे.

मग करायचं काय? एकच ठिकाण, एकच वेळ पकडा. १९५० साली लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वसाहतीत पाहिलं की मैत्री स्वभावापेक्षा दाराच्या अंतरावर जास्त ठरत होती. शेजारच्या दारातले लोक मित्र होत होते, आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती. म्हणून दर वेळी नवा बाक शोधू नका. तीच बस, वाचनालयातलं तेच टेबल, संध्याकाळी मैदानाचा तोच कोपरा. तीन-चार वेळा दिसलेला चेहरा परका राहत नाही.

नाव लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारा. छोटी मदत मागा, जी दोन मिनिटांत करता येईल: कालची वही, सरांनी सांगितलेली तारीख. पंधरा दिवसांनी ही ओळख त्या जागेबाहेर न्या, आणि नव्या मैत्रीत नेमकी हीच पायरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. वर्गातली ओळख वर्गातच ठेवली तर ती तिथेच वाळते. «मी पण त्याच बाजूला चाललोय, चल सोबत» एवढं पुरतं. आणि «कधीतरी भेटू» असं म्हणू नका. «शनिवारी सकाळी दहाला सरावाला जातोय, येतोस?» असं विचारा. वार आणि वेळ असली की हो किंवा नाही म्हणता येतं. «कधीतरी»ला नुसतं हसता येतं.

मन उघडं करणं पाळीपाळीने करायचं असतं. तुम्ही एक पाऊल, मग समोरच्याचं एक. पहिल्याच भेटीत घरातलं सगळं दुःख ओतलं तर समोरचा घाबरतो, कारण त्याला त्याच वजनाचं काहीतरी परत द्यावं लागेल असं वाटतं. उलट कायम अभ्यास आणि हवा यावरच बोलत राहिलात तर सहा महिन्यांनीही तुम्ही ओळखीचेच राहाल.

एक शेवटची गोष्ट. पहिल्या गप्पांनंतर «त्याला मी कंटाळवाणा वाटलो असणार» असं बहुतेकांना वाटतं आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावून नंतर विचारलं, तेव्हा समोरच्याला आपण जेवढे आवडलो त्यापेक्षा कमी आवडलो असं लोकांना सरासरी वाटत होतं.

चार-पाच जण आधीच घोळक्यात उभे असतात. त्यांच्यात शिरू कशी?

घोळक्यात शिरू नका, घोळक्यातल्या एकीशी आधी ओळख करा. तिच्यासोबत आलात की दार आपोआप उघडतं.

तरीही तसंच जायचं असेल तर क्रम असा: आधी जवळ थांबा, विषय काय चाललाय तो ऐका, आणि त्याच विषयाला धरून एक छोटं वाक्य टाका. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली लहान मुलांच्या खेळात हेच पाहिलं. ज्यांना सामावून घेतलं जात नव्हतं ती मुलं येऊन स्वतःबद्दल सांगायची, विषय बदलायची, मतभेद मांडायची किंवा चौकश्या करायची. चालू खेळात भर घालणाऱ्यांना जागा मिळत होती. पंधराव्या वर्षीही चूक तीच होते, फक्त शब्द मोठे असतात. दोन जणांनी सरकून जागा केली तर थांबा. पाठी वळलेल्याच राहिल्या तर हसून पुढे जा. त्या दिवशी तिथे जागा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

एकटा असताना मी जे कधीच करणार नाही, ते मित्रांबरोबर असताना का करतो?

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली तीन वयोगटांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. सिग्नल पिवळा होतो. थांबायचं की दामटायचं? एकटे असताना तिन्ही गट जवळजवळ सारखंच वागले. मित्र शेजारी उभे राहिल्यावर मोठ्यांत काही फरक पडला नाही, मधल्या गटाची जोखीम दीडपटीच्या आसपास गेली आणि किशोरांची दुपटीच्या. २०११ सालच्या एका प्रयोगात असा खेळ खेळताना मेंदूचं चित्रण केलं. मित्र दुसऱ्या खोलीतून पाहतायत एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला भुलणारा भाग जास्त चेतत होता.

याचा व्यवहारातला अर्थ नीट पाहा. कोणी आग्रह करावा लागत नाही, कोणी «घाबरलास का» म्हणावं लागत नाही. पाहणारे आहेत एवढंच पुरतं. म्हणून «आमच्या ग्रुपमध्ये कोणी जबरदस्ती करत नाही» या वाक्यावर विसंबू नका. निर्णय आधी, एकटे असताना घ्या आणि तो बारीक घ्या. «मी जास्त काही करणार नाही» हा निर्णय नाही. «मी गाडी चालवणार नाही, मागे तिसरा म्हणून बसणार नाही आणि साडेनऊला निघणार» हा निर्णय आहे. परत कसं यायचं ते निघण्याआधी ठरवा. रात्री अकराला दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

मैत्री न तोडता «नाही» कसं म्हणायचं?

थोडक्यात, लवकर आणि कारणांची माळ न लावता. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याला खोडायला दिलेला मुद्दा असतो. कोणी सिगरेट पुढे केली आणि «मला खोकला आहे» म्हणालात तर «एकाने काय होतंय» येतं. «नको, मी घेत नाही» याला उत्तर नसतं. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच शब्द, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा जागा सोडा: «मी जरा बाहेर उभा आहे.» लहान वयात घरच्यांच्या नावावर खपवणंही चालतं, «बाबा वास घेतात» असं; त्यात कमीपणा नाही. घरच्यांशी एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा. तो मेसेजमध्ये आला की त्यांनी फोन करून «लगेच घरी ये» म्हणायचं आणि त्या रात्री काही विचारायचं नाही.

पण सगळ्यांत मोठं बळ म्हणजे सोबतीला एक जण. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखायचा साधा प्रयोग केला. खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. एकटं असताना जवळजवळ कोणीच न चुकणारी माणसं अशा वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा त्यांच्या चुकीत सामील झाली. खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक साथीदार ठेवला, तर या चुका एक चतुर्थांशावर आल्या. म्हणून पार्टीला जाण्याआधी ग्रुपमधल्या ज्याला तुमच्यासारखंच वाटतं त्याला गाठा आणि ठरवा: «मी नाही म्हटलं की तू पण म्हण.»

चौदा ते अठरा या वर्षांत स्वतःच्या मतावर टिकून राहायची ताकद वाढत जाते. चौदाव्या वर्षी वाहून गेलात म्हणून आपण दुबळेच आहोत असं धरून बसू नका.

त्यांनी मला न घेता नवा ग्रुप केलाय. आता काय करू?

हे कसं कळतं ते आम्हाला माहीत आहे. जुना ग्रुप अचानक शांत होतो. रोज दोनशे मेसेज पडायचे, आता दिवसाला एखादं «हो» नाहीतर कोणाचं वाढदिवसाचं फूल. मग मधल्या सुट्टीत कोणीतरी अशा गोष्टीवर हसतं जी तुम्ही वाचलेलीच नाही, आणि एक जण पटकन फोन उलटा ठेवतो.

दुखतं, आणि ते खरंच दुखतं. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली चेंडू फेकायच्या साध्या संगणकी खेळातून माणसाला मध्येच वगळलं, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग त्यांच्यात जास्त चेतला. तेव्हा «एवढं काय मनाला लावून घ्यायचं» म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पहिला दिवस काहीही लिहू नका. रागाचा मेसेज दहा मिनिटांत त्या नव्या ग्रुपमध्ये फिरतो आणि तुम्हाला वगळायचं कारण त्यांना आयतं मिळतं. ग्रुप सोडून जाऊ नका, स्टेटसवर टोमणे टाकू नका. झोपा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र गाठण्याऐवजी ज्याच्याशी त्यातल्या त्यात बरं आहे त्याला एकट्याला, समोरासमोर विचारा: «मला वाटतंय मला बाजूला ठेवलंय. माझं काही चुकलं का? असेल तर सांग.» मग गप्प राहा. उत्तरात ठोस गोष्ट आली («तू माझं गुपित फोडलंस») तर दुरुस्तीला जागा आहे. «तसं काही नाही रे» आलं आणि वागणं तसंच राहिलं, तर तेच उत्तर समजा. एकदा विचारणं पुरे. पाचदा विचारलं की त्याची मागणी होते.

यानंतर मोर्चा दुसरीकडे वळवा: जुना शेजारचा मित्र, खेळाचा संघ, दुसरा वर्ग. दोन वेगळ्या ठिकाणी एकेक माणूस असलेल्याला कोणताही एक ग्रुप वाळीत टाकू शकत नाही.

हेही लक्षात असू द्या की या वयात मैत्री तुटणं हाच नेम आहे. सातवीत झालेल्या मैत्र्यांचा बारावीपर्यंत माग घेणारा एक अमेरिकी अभ्यास २०१५ साली आला. त्यात चारांतल्या एकीपेक्षाही कमी मैत्र्या पहिलं वर्ष टिकल्या आणि बारावीपर्यंत शंभरात एक उरली.

चेष्टा आणि छळ यांतली रेघ कुठे?

शाळेतल्या छळावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी घालून दिलेल्या तीन खुणा बघा: मुद्दाम केलेलं, वारंवार होणारं, आणि बळाचं पारडं एका बाजूला झुकलेलं. आणखी एक सोपी कसोटी: ज्याची चेष्टा होतेय तो परत तशीच चेष्टा करू शकतो का, आणि «आता बस» म्हटल्यावर थांबतात का? थांबत नसतील तर ती चेष्टा राहिलेली नाही. मारहाण म्हणजेच छळ असं नाही. अफवा पसरवणं, कान भरणं, ठरवून अबोला धरणं हेही त्यात येतं.

तुमच्यावर बेतलं असेल तर तारीख, जागा, कोण होतं आणि नेमके शब्द लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट पुसायच्या आत घ्या आणि हे सगळं घेऊन एका मोठ्या माणसाकडे जा. «मला त्रास देतात» यापेक्षा «सोमवारपासून चार वेळा, या ठिकाणी, हे बोलले» यावर शिक्षकांना पाऊल उचलता येतं. पहिल्याने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडे जा. ही चहाडी नव्हे. दुसऱ्याला अडकवण्यासाठी सांगतात ती चहाडी. कोणाला वाचवायला सांगतो ती मदत.

तुम्ही पाहणारे असाल तर हे वाचाच. शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासलेल्या २००१ च्या कॅनडातल्या अभ्यासात बघणाऱ्यांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा (५७ टक्के) छळ दहा सेकंदांत थांबला. भांडायची गरज नसते. «ए, चल, तुला सर बोलावतायत» म्हणून त्याला हाताला धरून बाहेर काढणं हेही मध्ये पडणंच. तेही जमलं नाही तर नंतर त्याच्याजवळ जाऊन «मी पाहिलं, ते चूक होतं» एवढं म्हणा.

आम्ही दोघी तासन्‌तास फक्त दुःखाबद्दलच बोलतो. यात वाईट काय?

जवळीक वाढते हे खरं. अमांडा रोझ यांनी २००२ साली अशा सतत एकत्र उगाळण्याचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या: मैत्री जास्त घट्ट आणि उदासी, चिंता जास्त. अडचण बोलण्यात नाही, तेच तेच पुन्हा खणण्यात आहे. ओळखायचं कसं? तासाभराच्या बोलण्यानंतर नवीन काही कळलं का, काही ठरलं का, की कालचीच वाक्यं आज परत म्हटली? वीस मिनिटं मनसोक्त बोला, मग «उद्या यातलं एक काय करता येईल?» असं विचारा आणि उठून चालायला जा. रात्री अकरानंतर तोच विषय काढायचा नाही असं दोघींनी ठरवलं तर फार फरक पडतो.

मैत्रिणीने शपथ घातलीय की कोणाला सांगायचं नाही. ती म्हणते तिला जगायचं नाही.

ही शपथ मोडा. आजच.

तिला सरळ विचारा: «तू जीव द्यायचा विचार करतेयस का?» असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का, हेही विचारा. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, औषधं किंवा तसलं काही हाताशी असेल तर ते दूर करायला मोठ्यांची मदत घ्या आणि तुमच्या भागातल्या तातडीच्या सेवेला किंवा दवाखान्याला लगेच कळवा. फोनवर असाल तर तिला बोलत ठेवा आणि दुसऱ्या कोणाकरवी तिच्या घरी कळवा. तिला सांगायचे शब्द: «मी हे एकटी सांभाळू शकत नाही, म्हणून मी सांगणार आहे. तू माझ्यावर चिडलीस तरी चालेल.» ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल. नंतर तिचा जीव सांभाळणं हे रोजचं काम तुमच्या डोक्यावर घेऊ नका. ते मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं आहे, तुम्ही मैत्रीण राहा.

भांडण झालंय. आधी कोण बोलणार?

ज्याला मैत्री हवी आहे तो. दोन-तीन दिवस गेले की डोकं शांत होतं, पंधरा दिवस गेले की अबोल्याचंच एक वेगळं भांडण तयार होतं. मधली वेळ साधा. मेसेजवर मिटवू नका, आवाज नसला की प्रत्येक वाक्य टोचून वाचलं जातं.

माफीत तीन गोष्टी लागतात: काय केलं ते नावानिशी, त्याने समोरच्याचं काय झालं, आणि आता काय करणार. «मी सगळ्यांसमोर तुझे मार्क सांगितले. तुला तिथून उठून जावं लागलं. मी त्या दोघांशी बोललोय, आणि परत असं होणार नाही.» त्यात «पण तू पण» आलं की माफी संपली. «तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी» ही माफीच नाही, ती समोरच्याच्या भावनेवर घातलेली शंका आहे.

मित्राला गर्लफ्रेंड मिळाली, आता मला वेळच देत नाही.

पहिले काही महिने हे जवळजवळ ठरलेलं असतं. दोघांची आठवड्यातली एक ठरलेली वेळ मागा, उरलेल्याची तक्रार करू नका, तिला शत्रू समजू नका.

ऑनलाइन झालेले मित्र खरे असतात का?

असू शकतात, विशेषतः ज्याची आवड किंवा अडचण आसपास कोणाचीच नाही अशा मुलांसाठी. धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: व्हिडिओ कॉल कायम टाळणं, «आपलं कोणाला सांगू नकोस» हा आग्रह, फार लवकर फार प्रेम, फोटोची मागणी, पैशाची मागणी. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, कोणाला तरी सांगून, जाण्यायेण्याची सोय स्वतःची ठेवून. फोटोवरून कोणी धमकावलं तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते.

(पालकांचा प्रश्न) मुलाचे मित्र आम्हाला पसंत नाहीत. भेटणं बंद करू का?

बहुतेक वेळा बंदी उलटते. २०१२ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात पालकांनी मित्रांना मज्जाव केल्यानंतर मुलं वाह्यात मित्रांकडे जास्त ओढली गेलेली दिसली. पाळत ठेवण्याचंही तसंच. स्वीडनमधल्या हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली दाखवलं की पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. म्हणजे जपायची गोष्ट आहे ती मुलाची सांगायची इच्छा. वाईट बातमी सांगितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही कसे वागता, त्यावर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं.

त्या मित्रांना घरी येऊ द्या. दार उघडं, तुम्ही शेजारच्या खोलीत. तासाभरात तुम्हाला जे दिसेल ते दहा प्रश्नांनी कळणार नाही. मित्राच्या स्वभावावर शेरा मारू नका, घडलेल्या गोष्टीबद्दल बोला: «तो वाईट आहे» याऐवजी «काल त्याने तुला दोन तास ताटकळत ठेवलं, तेव्हा तुला काय वाटलं?» मुलाला मित्राची बाजू घ्यायला लावली की तो विचार करायचं सोडून वकिली करतो.

बिघडलेल्या वाटणाऱ्या मुलांना एकत्र करून सुधारायचे वर्ग भरवतात, त्यात घालण्याआधीही विचार करा. थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की अशा गटांत मुलं एकमेकांना हसून दाद देतात आणि नको ते वागणं वाढू शकतं.

ठाम आडवं यायचं ते इथे: मित्र वयाने बराच मोठा आहे, पैसे किंवा वस्तू पुरवतोय, नशा किंवा हत्यार मध्ये आहे, किंवा मुलाच्या अंगावर मारल्याच्या खुणा आहेत.

(पालकांचा प्रश्न) आमची मुलगी सुट्टीत एकटीच असते. काळजी करू का?

एकटं राहायला आवडणं आणि एकटं पडणं वेगळं. ती चित्र काढत, वाचत मजेत असेल आणि कोणी बोलावलं तर जात असेल, तर राहू द्या. जावंसं वाटतं पण भीतीने पोटात दुखतं, शाळा बुडते, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली आहे, तर समुपदेशकाला दाखवा. चाळीस पाहुण्यांच्या वाढदिवसाने हे सुटत नाही. एका मुलीला दोन तास, एका कामासाठी घरी बोलावलं तर सुटायला लागतं.

शिक्षण संपलं, नोकरी लागली आणि जुने मित्र विरत चाललेत. हे थांबवता येतं का?

सगळ्यांच्या बाबतीत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. मोबाइलच्या नोंदींवरून २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात माणूस ज्यांच्याशी बोलतो त्यांची संख्या पंचविशीच्या सुमारास सर्वांत जास्त होती आणि मग उतरत गेली. म्हणून आताच तीन-चार नावं निवडा. त्यांच्यासाठी वेळ ठरवून टाका, महिन्याचा पहिला रविवार, रात्री नऊ, अर्धा तास. ठरलेल्या वेळेला कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. एखादी गोष्ट एकत्र करत राहा: तोच खेळ, तेच पुस्तक, वर्षातून एक प्रवास. नुसत्या जुन्या आठवणी तीन फोनमध्ये संपतात.

बाकीच्यांना ओळखीत राहू द्या. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली सैल ओळखींच्या ताकदीबद्दल लिहिलं. नोकरीसारखी खबर बऱ्याचदा तिथूनच येते, कारण जवळच्यांना आपल्याला जे ठाऊक असतं तेच ठाऊक असतं.

आणि दोन-तीन वर्षं बोलणंच झालं नाही अशा मित्राला आता मेसेज केला तर विचित्र वाटेल, या भीतीने थांबला असाल तर थांबू नका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की अशी अचानक विचारपूस समोरच्याला किती भावते याचा अंदाज पाठवणारे कमीच बांधतात, आणि जितकी अनपेक्षित तितकी ती जास्त भावते. इतके दिवस का बोललो नाही याची सफाई देत बसू नका. त्याला उत्तर देणं अवघड जातं. एक आठवण आणि एक सोपा प्रश्न एवढंच लिहा: «आज शेवटच्या बाकावरची ती मोडकी खिडकी आठवली. तू अजून बासरी वाजवतोस का?»